आकडा वेगाचा, भीती पसरण्याची

मावशीचा बायॉप्सीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी दुसऱ्याच कामात होते, उघडून बघायच्या आतच तिचा पुढचा मेसेज, "अगं यात केआय-६७ चाळीस टक्के लिहिलंय, म्हणजे चाळीस टक्के पसरलाय का?" मी लगेच नाही म्हणून कळवलं, तिने विचारलं मग चाळीस टक्के काय आहे, मी टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं की हे चार ओळीत बसणारं प्रकरण नाही. तिचा प्रश्न खुळा अजिबात नव्हता. कॅन्सरबद्दल आपण जे काही वाचतो, बातम्या, फॉरवर्ड, नव्या औषधांच्या घोषणा, त्यात वाढणं आणि पसरणं कायम जोडीने येतं, "कॅन्सरची वाढ आणि प्रसार रोखणारं जीन सापडलं" अशी हेडलाईन, मग वाचणाऱ्याने दोन्ही एकच धरलं तर त्याची काय चूक.

मी बायोलॉजी शिकलेली आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण इतकी वर्षं ह्या विषयाचं वाचून माझं मत असं झालंय की वाढणं आणि पसरणं ह्यांची गाठ आपण सोडवली पाहिजे, कारण पेशी विभाजनाच्या जीन्सबद्दल जे छापून येतं त्यातलं बहुतेक फक्त वाढीच्या वेगाबद्दल असतं, औषधंही बरीचशी वाढ थांबली का ह्याच मापाने पास होतात, आणि माणूस जातो तो बहुतेक वेळा पसरल्यामुळे. पसरण्याचा विभाजनाशी संबंध आहे, चांगलाच आहे, पण तो वेगाचा नाही, गबाळेपणाचा आहे. म्हणजे पेशी किती पटापट विभागते ह्यापेक्षा किती चुकत विभागते ह्याचा.

आधी केआय-६७ चं सांगते, कारण तिथेच सगळी गंमत आहे. १९८३ मधे जर्मनीत कील नावाच्या शहरात एक अँटिबॉडी तयार झाली, कील म्हणून केआय आणि प्रयोगाच्या प्लेटमधल्या ६७ नंबरच्या खाचेतली म्हणून ६७, इतकं साधं नाव. ती ज्या प्रोटीनला चिकटते ते प्रोटीन विभाजनाच्या फेऱ्यात असलेल्या पेशीत दिसतं आणि निवांत बसलेल्या पेशीत दिसत नाही. म्हणजे चाळीस टक्के याचा अर्थ गाठीतल्या शंभर पेशी मोजल्या तर चाळीस कामाला लागलेल्या आहेत, बास. आता ह्यावरून कोणालाही वाटेल की हे प्रोटीन म्हणजे विभाजनाचं इंजिनच असणार, ते बंद पाडलं की कॅन्सर बंद. २०१६ मधे हे प्रोटीन बनवणारं जीन बिघडवलेले उंदीर तयार केले, आणि उंदीर छान वाढले, त्यांच्या पेशी व्यवस्थित विभागत होत्या. जे मोजून आपण घाबरतो ते विभाजनासाठी अत्यावश्यक सुद्धा नाही! ते विभाजनासोबत दिसतं, धुरासारखं. धूर बघून आग आहे हे कळतं आणि ते उपयोगाचंच आहे, पण धूर हाताने बाजूला सारला म्हणून आग विझत नाही ना.

आणि विभाजन ही मुळात वाईट गोष्ट नाहीये हे आपण विसरतो. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण ३३,००० कोटी पेशी बदलल्या जातात असा अंदाज आहे, त्यातल्या बहुतेक रक्तातल्या आणि आतड्याच्या अस्तराच्या, आणि हे सगळं त्याच जीन्सच्या जोरावर चालतं ज्यांना बातमीत "कॅन्सरचं जीन" म्हणतात. ही जीन्स सापडली सुद्धा कॅन्सरमधे नाही. लेलँड हार्टवेल यीस्टवर काम करत होते, पॉल नर्स वेगळ्या एका यीस्टवर, टिम हंट यांना १९८२ मधे समुद्री साळूच्या अंड्यात असं एक प्रोटीन दिसलं जे प्रत्येक विभाजनाच्या वेळी जमा होतं आणि मग एकदम गायब होतं, त्याला सायक्लिन म्हणतात. १९८७ मधे नर्स यांच्या लॅबने यीस्टचं बिघडलेलं जीन काढून त्याजागी माणसाचं जीन काम करतं का बघितलं तर चक्क केलं, म्हणजे माणूस आणि यीस्ट ह्यांचा सामायिक पूर्वज अब्जभर वर्षांपूर्वीचा, तरी ही यंत्रणा जवळजवळ तीच. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. सांगायचा मुद्दा हा की इतकी जुनी आणि इतकी गरजेची यंत्रणा "कॅन्सरवाली" असू शकत नाही, ती जगण्याची यंत्रणा आहे आणि कॅन्सर ती वापरतो.

यानंतर लोक अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेकचा दाखला देतात, विभाजन पुढे ढकलणारी जीन्स म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि थांबवणारी म्हणजे ब्रेक, मीही दिलाय कितीदा तरी, आणि एका मर्यादेपर्यंत तो बरोबरच आहे. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मधे लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाच्या केसेस मोजून सांगितलं की ब्रेकच्या जीनच्या पेशीतल्या दोन्ही कॉपी गेल्याशिवाय हा कॅन्सर होत नाही, आणि ते जीन अजून कोणी पाहिलेलंही नव्हतं, ते हाती लागलं १९८६ मधे, आरबी नाव. पी५३ हा दुसरा ब्रेक, डीएनए खराब झाला तर विभाजन थांबवणारा, माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमधे तो बिघडलेला सापडतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधला एचपीव्ही व्हायरस तर एका प्रोटीनने पी५३ संपवतो आणि दुसऱ्याने आरबी, दोन्ही ब्रेक एकटाच काढतो, आणि म्हणून त्याच्यावरची लस ही ह्या सगळ्या ज्ञानाची मला तरी सर्वात सुंदर फळं देणारी बाजू वाटते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

दाखल्याची अडचण कुठे येते, तर ब्रेक फेल झालेली गाडी जोरात जाते हे ठीक, पण ती स्वतःहून रस्ता सोडून, भिंत फोडून, दुसऱ्याच्या घरात जाऊन संसार थाटत नाही. कॅन्सरची पेशी ते करते. निव्वळ वेगातून ते येत नाही. शरीरात कितीतरी गाठी असतात ज्या वाढतात आणि आयुष्यभर जागच्या जागी राहतात.

आता बातम्यांकडे. ठरलेला साचा असतो, शास्त्रज्ञांनी अमुक जीन कॅन्सरमधे जास्त आहे असं शोधलं, ते जास्त असलेले पेशंट कमी जगतात, प्रयोगशाळेत ते जीन बंद केल्यावर कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबली, त्यामुळे नवीन उपचाराची आशा. ह्यातली तिन्ही वाक्यं खरी असू शकतात आणि तरी हातात काही नसू शकतं. शेवटचं आधी घ्या. माणसाच्या पेशीत जवळपास २,००० जीन्स अशी आहेत की त्यातलं कुठलंही एक बंद करा, बहुतेक कुठलीही पेशी वाढायची थांबते, चांगली काय आणि कॅन्सरची काय. विभाजनाचं जीन बंद केलं आणि विभाजन थांबलं, ह्यात बातमी कुठे आहे? नळ बंद केल्यावर पाणी थांबलं अशी बातमी आहे ही. प्रश्न हवा तो असा की त्याच डोसला शेजारची निरोगी पेशी जगली का, आणि जिवंत प्राण्यात पसरणं कमी झालं का, आणि ह्या दोन प्रश्नांची उत्तरं बातमीत क्वचित असतात.

आणि "जीन जास्त तर पेशंट कमी जगतो" ह्याचं तर २०११ मधे फार छान वस्त्रहरण झालं होतं. एका टीमने ब्रेस्ट कॅन्सरचा डेटा घेऊन त्यावर मुद्दाम असंबद्ध जीन्सचे संच लावून बघितले, एक संच होता जेवणानंतर हसल्यावर ज्या जीन्समधे बदल होतो त्यांचा, एक होता दुसऱ्या उंदराकडून मार खाऊन खचलेल्या उंदरांचा, आणि ते सुद्धा कोण जगेल कोण नाही ह्याचा अंदाज द्यायला लागले! मग त्यांनी आंधळेपणाने जीन्स उचलली, शंभरपेक्षा जास्त जीन्सचे संच केले, त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त "अर्थपूर्ण" निघाले, आणि छापून आलेल्या ४७ संचांपैकी २८ हे असल्या आंधळ्या संचांपेक्षा काही विशेष सरस नव्हते. कारण काय, तर गाठीत विभाजन जोरात चालू असलं की त्याचे पडसाद हजारो जीन्सवर पडतात, कुठूनही मूठभर उचला, हाताला वेगच लागतो. तोच धूर, हजार खिडक्यांतून दिसणारा, आणि प्रत्येक खिडकीचा एक वेगळा शोधनिबंध. हे वाचल्यापासून मी "नवीन जीन सापडलं" ही बातमी उघडतच नाही, हे थोडं आगाऊपणाचं आहे पण वेळ वाचतो.

इथे कोणी म्हणेल मग हे आकडे फेकून द्यायचे का. नाही हो. वेग कळणं उपयोगाचं आहेच. ब्रेस्ट कॅन्सरच्या एका ठराविक प्रकारात २१ जीन्सची टेस्ट करून एक स्कोअर काढतात, त्यातली पाच थेट विभाजनाची, केआय-६७ त्यात आहेच, आणि २०१८ मधे टेलरएक्स नावाच्या दहा हजारांवर बायकांच्या ट्रायलने दाखवलं की मधल्या स्कोअरच्या बहुतेक जणींना हॉर्मोनच्या औषधाबरोबर केमो दिली काय न दिली काय फरक पडत नाही. किती जणी विनाकारणच्या केमोतून सुटल्या ह्याच्यामुळे. म्हणजे वेगाचा आकडा उपचार ठरवायला चांगला, माझा राग आकड्यावर नाही, त्या आकड्याला गुन्हेगार म्हणून उभं करण्यावर आहे.

मग पसरतं कशामुळे? ह्याची सुरुवात फार जुनी आहे. १८९० मधे हान्सेमान नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टने कॅन्सरच्या गाठीत वाकडीतिकडी विभाजनं बघितली, एका बाजूला जास्त क्रोमोझोम (म्हणजे गुणसूत्रं) एका बाजूला कमी, आणि मग थिओडोर बोवेरी, हा माझा आवडता माणूस, त्याने समुद्री साळूच्या अंड्यात दोन शुक्राणू शिरले की क्रोमोझोमची वाटणी कशी विस्कटते ते पाहून १९०२ मधे आणि पुढे १९१४ च्या पुस्तकात म्हटलं की चुकीची वाटणी हेच कॅन्सरचं मूळ असेल. तेव्हा जीन म्हणजे नक्की कशापासून बनलंय हेही माहीत नव्हतं.

वाटणीवर पहारा ठेवणारी जीन्स असतात, त्यातलं एक मॅड२. विभाजनाच्या वेळी एकेक क्रोमोझोम त्याला ओढून नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांना नीट बांधला गेलाय का हे बघतं, एक जरी सुटा असेल तर थांब म्हणतं. उंदरात त्याची एक कॉपी काढली, म्हातारपणी फुप्फुसात गाठी आल्या, हे २००१ चं. मग २००७ मधे उलट केलं, मॅड२ गरजेपेक्षा जास्त बनवायला लावलं, तरी गाठी. कमी झालं तरी कॅन्सर, जास्त झालं तरी कॅन्सर! ज्या बातमीत फक्त "जास्त म्हणजे वाईट" एवढंच असतं तिच्यात हे बसवून दाखवा. पहारेकरी कमी पडला तर क्रोमोझोम सुटतात, अति झाला तरी वाटणी अडखळते, आणि दोन्हीकडे शेवट सारखाच, विभाजनातून होणाऱ्या नव्या पेशींना भलतीसलती शिदोरी.

ह्याच्या पुढचं जे कळलंय ते मला खरं तर सर्वात महत्त्वाचं वाटतं. वाटणीत मागे राहिलेला क्रोमोझोम कधी कधी मुख्य केंद्रकात जातच नाही, त्याच्याभोवती एक छोटं वेगळं केंद्रक बनतं, आणि त्याचं आवरण तकलादू असतं. ते फुटतं, आतला क्रोमोझोम तुकडे तुकडे होऊन कसाही जोडला जाऊ शकतो, हे २०१५ मधे दाखवलं गेलं, आणि डीएनए पेशीतच पण केंद्रकाच्या बाहेर सांडतो. आता पेशीच्या दृष्टीने केंद्रकाबाहेर डीएनए म्हणजे व्हायरस घुसला, त्यासाठी तिच्याकडे धोक्याची घंटा असते, सीगॅस आणि स्टिंग नावाची. घंटा वाजली की रोगप्रतिकार यंत्रणेने येऊन ती पेशी मारायला हवी. पण २०१८ च्या संशोधनात दिसलं की सतत चुकत विभागणाऱ्या कॅन्सर पेशींमधे घंटा कायम वाजत असते आणि पेशी तिच्यासोबत जगायला शिकतात, इतकंच नाही तर त्याच सिग्नलचा एक फाटा वापरून चालायला आणि घुसायला लागतात, जसं दाहाच्या जागी पांढऱ्या पेशी घुसतात तसं. उलटा प्रयोग पण केला, वाटणीतल्या चुका दुरुस्त करणारं प्रोटीन वाढवलं, आणि उंदरांमधे पसरणं कमी झालं. इथे वेगाचा काही संबंधच येत नाही बघा, तीच पेशी, नीटनेटकी विभागली तर घरात राहते, गबाळी विभागली तर बाहेर पडते.

वेग आणि पसरणं कधी कधी तर उलट दिशेला असतात. एक छोटा कृमी असतो, सी. एलिगन्स, त्याच्या वाढीत एका पेशीला पडदा फोडून पलीकडे जावं लागतं, आणि २०१५ मधे दिसलं की ती पेशी विभाजन थांबवल्याशिवाय घुसूच शकत नाही, विभागत ठेवली तर घुसायचं विसरते. कॅन्सरमधे सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही. पण पसरून हाडात वगैरे जाऊन बसलेल्या पेशी वर्षानुवर्षं झोपून राहतात हे तर पेशंट आणि डॉक्टर दोघांना ठाऊक आहे, हॉर्मोनवर चालणारा ब्रेस्ट कॅन्सर पाच वर्षांचं औषध संपल्यावर पुढे विसाव्या वर्षापर्यंत परत येत राहतो. झोपलेली पेशी विभागत नाही, तिचं केआय-६७ शून्य, आणि विभागणाऱ्यांना मारणारं औषध तिच्या शेजारून निघून जातं.

औषधांचंही तसंच. सदाफुलीतून आलेली विनक्रिस्टिन, यू झाडाच्या सालीतून आलेलं टॅक्सॉल, ही विभाजनाच्या दोऱ्यांवर हल्ला करणारी जुनी औषधं, केस जातात आणि रक्तपेशी कमी होतात ते त्यामुळेच. मग कंपन्यांनी विचार केला की दोरे सोडून थेट विभाजनाची जीन्स धरू, ऑरोरा, पीएलके१, एकदम नेमकी औषधं, लॅबमधे जबरदस्त, आणि घट्ट गाठींच्या कॅन्सरमधे बहुतेक ठिकाणी निराशा. एक कारण साधं, लॅबच्या डिशमधली पेशी दिवसाला एकदा विभागते, माणसातली गाठ दुप्पट व्हायला बऱ्याचदा महिने घेते, त्यामुळे कुठल्याही क्षणी फार थोड्या पेशी विभाजनात सापडतात, आणि बोन मॅरो मात्र धडाधड विभागत असतो, मार त्यालाच जास्त. मग टॅक्सॉल कसं चालतं? २०१४ मधे पेशंटच्या गाठीतच मोजलं तर दिसलं की तिथे पोचणारं टॅक्सॉल विभाजन थांबवण्याइतकं नसतंच, ते पेशीला दोनऐवजी तीन-चार दिशांना ओढून विभाजन पार विस्कटून टाकतं आणि पेशी मरते. म्हणजे थोडा गबाळेपणा कॅन्सरला पसरवतो आणि फार झाला की त्यालाच मारतो. ही मधली रेषा नेमकी कुठे आहे, कोणत्या पेशंटच्या गाठीत ती किती जवळ आहे, ह्यावर लक्ष आणि पैसा जायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी रिपोर्टमधे वेगाच्या शेजारी चुकांचाही काहीतरी आकडा यायला हवा, छोटी केंद्रकं मोजा, वाकडी विभाजनं मोजा, मायक्रोस्कोपखाली दिसतातच की ती.

दुसरी मागणी औषध पास करण्याबद्दल आहे, आणि इथे माझे काही डॉक्टर मित्र माझ्याशी भांडतात. ट्रायलमधे गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्क्यांनी कमी झाली की "प्रतिसाद" धरतात, आणि आजार किती महिने वाढला नाही ह्यावर औषध बाजारात येतं. विभाजन पुढे ढकलणारी सीडीके४/६ नावाची प्रोटीन्स अडवणारी औषधं घ्या, ह्या जीन्सच्या संशोधनाचं खरोखर मोठं यश, पहिलं पालबोसिक्लिब अमेरिकेत २०१५ मधे आलं. पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमधे त्याने आजार न वाढण्याचा काळ १४.५ महिन्यांवरून २४.८ वर नेला, उत्तम. पण पुढे एकूण आयुष्य मोजलं तेव्हा ५३.९ महिने विरुद्ध ५१.२, म्हणजे खात्रीने फरक आहे म्हणता येईना. त्याच कुळातलं रायबोसिक्लिब, जवळपास तसेच पेशंट, तिथे ६३.९ विरुद्ध ५१.४, वर्षभराचा खरा फायदा. (पालबोसिक्लिबच्या ट्रायलमधे बऱ्याच जणींचा पुढचा पत्ता लागला नाही, त्यामुळे आकडा धूसर झाला असेल, हे मान्य.) वाढ थांबण्याच्या मापावर दोघं भाऊ सारखे दिसत होते, आयुष्याच्या मापावर नाही.

मित्र म्हणतात, आयुष्य मोजायला सात-आठ वर्षं लागतात, तोवर पेशंटला थांब सांगणार का तू? आणि दहा महिने केमोशिवाय घरी नीट जगणं ह्याला काही किंमत नाही का? आहे, भरपूर आहे, आणि म्हणूनच औषध अडवून ठेवा असं मी म्हणत नाही. आधी पास करा, पण आयुष्याचा हिशोब सक्तीने पूर्ण करून मागा, प्रत्येक पेशंटचा माग ठेवून, आणि तोवर पेशंटला तिच्या भाषेत सांगा की ह्याने गाठ थांबते हे माहीत आहे, आयुष्य वाढतं का ते अजून कळायचंय. एवढं एक वाक्य सांगायला कोणाचं काय जातं मला कळत नाही. बातम्या देणाऱ्यांनीही तेच करावं, "वाढ आणि प्रसार" लिहिण्याआधी प्रसार खरंच मोजला होता का एवढं मूळ शोधनिबंध उघडून बघावं, बऱ्याचदा डिशमधल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढून पेशी तो किती लवकर भरतात एवढंच मोजलेलं असतं.

मावशीला मी शेवटी सगळं खोडून तीनच ओळी पाठवल्या. चाळीस हा वेग आहे. वेग जास्त असेल तर केमोचा विचार करतात, डॉक्टर बोलतील. पसरलंय का हे लिंफ नोडच्या आणि स्कॅनच्या रिपोर्टमधे कळेल, तो वेगळा असतो. दोन निळ्या टिका आल्या, बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं, आणि मग एवढंच आलं, "बरं. मग तो कधी मिळणार?"